न सांगणे म्हणजे खोटे बोलणे का?



मागच्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवीत होतो, इतक्यात आपल्या ओळखीतील एक लेक दारात येऊन उभी राहिली. (तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून आम्ही हे लिहीत आहोत. तरीही कोणी ओळखलेच, तर कृपया ते स्वतःपाशी ठेवावे.) नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली, लग्नाला दीड वर्ष झालेली. मंगळवारी शहरातील एका खासगी रुग्णालयात तिची मुलाखत होती. म्हणाली, ‘फादर, मला तिसरा महिना आहे. घरी आम्ही दोघं आणि सासूबाई, एवढ्यांनाच माहीत आहे. तिथं सांगायला पाहिजे का? नाही सांगितलं तर ते खोटं बोलणं होईल का?’

आम्हाला दुसऱ्या गावी मिस्सेसाठी जायचे होते. पाऊस भुरभुरत होता, मोटारसायकल बाहेर भिजत होती. आम्ही घाईने म्हणालो, ‘बाळा, खरे बोलावे. देव पाहून घेईल.’ आणि निघालो.

ती मंगळवारी सकाळच्या गाडीने गेली आणि तिने खरे सांगितले. रुग्णालयाचे डॉक्टर सज्जन गृहस्थ असावेत. त्यांनी तिला चहा दिला, अभिनंदनही केले आणि ‘बाळंतपण उरकले की या, तेव्हा बघू’ असे सांगून निरोप दिला. पुढच्या रविवारी ती पुन्हा भेटली. तक्रार केली नाही. एवढेच म्हणाली, ‘फादर, त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. मीच सांगितलं.’ सोबत आलेल्या सासूबाई मात्र आमच्याकडे न बघता बोलल्या, ‘खरं सांगून का भेटलं तिले?’

सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेताना सत्य या विषयावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. पण ‘त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं’ या तीन शब्दांनी आम्हाला पुन्हा अभ्यासाला बसवले. मुलीला जो विचार रविवारी द्यायला हवा होता, तो आता उशिरा का होईना, येथे मांडत आहोत. आपल्या घरातील मुली, सुना आता वाशीम, अकोला, पुणे, नागपूर येथे मुलाखतींना जातात. हा प्रश्न पुन्हा कोणाच्या तरी दारात उभा राहणार आहे.

प्रथम बाजारात जाऊ या. बैलबाजारात बैल विकणाऱ्याने काय सांगितले पाहिजे, हे आपल्यापैकी शेती करणाऱ्या प्रत्येकाला कळते. बैल मारका असेल, नांगराला जुंपल्यावर मध्येच बसत असेल, तर ते न सांगता विकणे ही फसवणूक होय. गिऱ्हाईकाने विचारले नाही, ही सबब चालत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. मालात डोळ्यांना न दिसणारा दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा धोका होणार असेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे, असे ते म्हणतात. पण लगेच ते दुसरे उदाहरण देतात. धान्य महाग असलेल्या गावी एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचला. मागून आणखी व्यापारी येत आहेत आणि उद्या भाव उतरणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने गावकऱ्यांना सांगितलेच पाहिजे काय? सांगितले तर तो मनाचा मोठा, परंतु न्याय त्याला सांगायला भाग पाडत नाही, असे अक्विनास म्हणतात. सोयाबीन घेऊन बाजार समितीत पहिल्यांदा पोहोचणारा शेतकरी मागच्या रस्त्यावर किती ट्रॅक्टर येताहेत, याची दवंडी पिटत नाही. त्याला आपण लबाड म्हणत नाही.

म्हणजे ज्याच्या-त्याच्यापाशी असलेली प्रत्येक माहिती समोरच्याला देणे लागतेच असे नाही. आता प्रश्न असा की, मुलीचे गरोदरपण यांपैकी कशात मोडते?

आम्ही त्या रविवारी नकळत ते बैलाच्या खोडीत मोडले होते. आज ते लिहिताना लाज वाटते. बैल घेणारा आख्खा बैल घेतो, त्याचे दात, खूर, पाठ, सगळे त्याचे होते. नर्स ठेवणारा नर्स विकत घेत नाही, तो तिचे आठ तासांचे काम घेतो. त्या कामात दोष असेल तर तो सांगितलाच पाहिजे. परीक्षा नापास झाली असेल, नोंदणी नसेल, सुई टोचताना हात थरथरत असेल, तर ते लपवणे रुग्णाच्या जिवाशी खेळणे आहे. गरोदर असणे हा शुश्रूषेतील दोष नव्हे. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा: क्ष-किरणांची खोली, कर्करोगावरील तीव्र औषधे हाताळण्याचे काम, अशा जागी नेमणूक होत असेल तर तिने ते जरूर सांगावे. पण ते बाळाच्या सुरक्षिततेसाठी, काम कोठे द्यावे हे ठरवण्यासाठी. काम द्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी नव्हे.

येथे कोणी म्हणेल, ‘फादर, हे सगळे ठीक, पण नोकरीला लागल्यावर पाच-सहा महिन्यांत ती रजेवर जाणार, तेवढे तरी मालकाला आधी कळायला नको का?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे अर्धे उत्तर आपल्या कायद्याने फार पूर्वी दिले आहे, ते बहुतेकांना माहीत नसते. प्रसूतीच्या लाभांचा कायदा १९६१ साली झाला. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान १६० दिवस काम केलेले असावे, अशी अट त्यात होती. १९८९ पासून ही अट निम्मी करून ८० दिवसांवर आणली गेली. म्हणजे तिसऱ्या महिन्यात कामाला लागलेली बाईसुद्धा नियमित कामावर आली तर हक्काने रजेला पात्र ठरते. बाई गरोदर असतानाही नोकरी मागायला येऊ शकते, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ही पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. १९६१ चा तो कायदा आता वेगळा उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. पण २६ आठवडे आणि ८० दिवस हे दोन्ही आकडे तेथेही कायम आहेत.

आणखी एक गोष्ट त्या २०१७ च्या दुरुस्तीत होती. बाईला नेमणूक देतानाच तिला कोणकोणते प्रसूतिलाभ मिळतील, हे मालकाने तिला लेखी कळवावे, असे बंधन त्यात घातले होते. आम्ही ते वाचून थांबलो. कारण आम्ही आमच्या त्या लेकीला सांगितले होते, ‘तू सांग.’ कायदा म्हणत होता, ‘मालका, तू सांग.’

आता एक खरा खटला पाहू. आयुर्विमा महामंडळाने १९८९ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत एका उमेदवार महिलेला साहाय्यक म्हणून परिविक्षेवर नेमले. नेमणुकीपूर्वी तिच्याकडून एक प्रतिज्ञापत्र भरून घेतले होते. त्यात मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, किती वेळा गरोदर राहिलात, गर्भपात झाला का, असे रकाने होते. महामंडळाच्याच डॉक्टरीण बाईंनी तिला तपासून कामास योग्य ठरवले होते. १९९० च्या जानेवारीत ती बाळंत झाली आणि फेब्रुवारीत तिला कामावरून काढून टाकण्यात आले. प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली, हे कारण. ती न्यायालयात गेली. नीरा माथूर खटला या नावाने तो ओळखला जातो. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परत कामावर घेण्याचा हुकूम दिला. न्यायालयाने तिच्या उत्तराची चिरफाड करण्यापेक्षा प्रश्नाकडेच बोट दाखवले: कोणत्याही स्वाभिमानी स्त्रीला संकोच वाटेल असे हे रकाने फॉर्ममध्ये असताच कामा नयेत, ते काढून टाका, असे महामंडळाला सांगितले.

एवढे होऊनही तीस वर्षांनी, २०२१ च्या अखेरीस, भारतीय स्टेट बँकेने भरतीच्या नियमांत असे घातले की, तीन महिन्यांहून अधिक काळाची गरोदर उमेदवार ‘तात्पुरती अयोग्य’ समजावी आणि तिने प्रसूतीनंतर चार महिन्यांच्या आत रुजू व्हावे. देशभर ओरड झाली, तेव्हा २०२२ च्या जानेवारीत बँकेने तो नियम मागे घेतला. आमच्या लेकीला डॉक्टरांनी जे चहा पाजून सांगितले, तेच तेथे परिपत्रकात छापले होते, एवढाच फरक.

आता जरा अवघड भाग. न विचारता गप्प राहणे हे खोटे बोलणे नव्हे, हे आम्हाला आता पटले आहे. ख्रिस्तसभेची शिकवणूकही तेच सांगते: ज्याला एखादे सत्य जाणून घेण्याचा हक्क नाही, त्याला ते उघड करण्यास कोणीही बांधील नाही. पण समोरच्याने सरळ विचारलेच तर? ‘दिवस गेलेत का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणावे काय?

निर्गमच्या पुस्तकातील त्या दोन सुइणी आठवा. इब्री बायकांना झालेली मुलगे जन्मताच मारून टाका, असा फारोचा हुकूम होता. त्यांनी मुलगे जिवंत ठेवले आणि फारोने जाब विचारला तेव्हा, आम्ही पोहोचण्याआधीच बायका बाळंत होतात, अशी थाप मारली. देवाने त्यांचे भले केले. संत ऑगस्टीन यांना हा उतारा फार खटकला. देवाने बक्षीस दिले ते त्यांच्या दयेला, खोटेपणाला नव्हे, असा त्यांनी मार्ग काढला. आम्हीही, जरा नाइलाजाने, त्याच मार्गाने जातो. सरळ विचारले तर ‘नाही’ असे खोटे लिहू नये. त्या मालकाचा सत्यावर हक्क आहे म्हणून नव्हे, तर नर्सचा शब्द हीच तिची हत्यारपेटी असते म्हणून. ज्या हाताने रुग्णाचा ताप १०१ लिहायचा, त्या हाताला ही सवय लागू नये. तिने म्हणावे, ‘माझ्या कामाबद्दल काय हवे ते विचारा. घरचे सांगायला मी बांधील नाही.’

हे वाक्य आम्ही येथे धर्मग्रामाच्या कार्यालयात बसून, कोणी कामावरून काढणार नाही अशा खुर्चीवरून लिहीत आहोत, याची आम्हाला जाणीव आहे. जी असे बोलेल तिला नोकरी मिळणार नाही, कारण ‘सांगत नाही’ याचा अर्थ काय ते कोणालाही कळते. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याने तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या: खोटे बोल, नाहीतर घरी जा. कोणी लेक यातून पहिल्या वाटेने गेली, तर पापनिवेदनात आम्ही तिला फार दटावणार नाही. आम्ही तिला विचारू, ‘हा प्रश्न तुला कोणी विचारला?’

आणि हे विचारायचे झाले, तर आमची स्वतःची फाईल आधी उघडावी लागेल. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी असताना आम्ही एका शाळेच्या निवड समितीवर होतो. बी.एड.ला चांगले गुण मिळवलेली एक मुलगी समोर बसली होती. समितीतील एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले, ‘लग्न झालंय ना? मग आता लगेच रजा मागशील!’ ती हसून म्हणाली, ‘नाही सर, दोन-तीन वर्षं तरी तसलं काही नाही.’ मग पगाराची बोलणी निघाली. ‘शाळा तुझ्या घराजवळ आहे, जायचा-यायचा खर्च नाही, हजार रुपये कमी घे.’ तिने मान हलवली. आम्ही चहाच्या कपाकडे बघत होतो. वर्षभराने तिला दिवस गेले. सहाव्या महिन्यापर्यंत तिने कोणाला कळू दिले नाही. ओढणी सैल घेऊन ती दोन मजले चढत-उतरत राहिली. मग एका दुपारी राजीनामा घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. ‘फादर, मी तुम्हाला शब्द दिला होता,’ म्हणाली. आम्ही तो राजीनामा घेतला आणि फाईलला लावला. तिचा रजेचा हक्क काय आहे, ते बघण्याची तसदीही घेतली नाही.

तो शब्द आम्ही तिच्याकडून काढून घेतला होता. नवरा-बायकोने देवासमोर मूल स्वीकारण्याचे जे वचन लग्नात आमच्याच साक्षीने दिले, त्यावर आम्ही हजार रुपयांच्या बोलीत दोन-तीन वर्षांची टाच आणली होती. आणि ती राजीखुशीने कबूल झाली, असे आम्ही स्वतःला सांगत होतो.

या ‘राजीखुशी’विषयी पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात फार स्पष्ट लिहून ठेवले आहे. (आताच्या पोप चौदाव्या लिओंनी २०२५ मध्ये नाव निवडताना त्यांचीच आठवण काढली.) मालक आणि मजूर यांनी मजुरी ठरवली, दोघांनी मान्य केली, मग न्याय झाला, असे समजू नका, असे ते बजावतात. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने मजुराने जाचक अटी स्वीकारल्या असतील, तर तो जुलमाचा बळी आहे. आजही काही ठिकाणी ‘पगार एवढा, पण बाळंतपणाची रजा मागणार नाही असे लिहून दे’ अशी बोलणी होतात. असे लिहून दिलेले कायद्यापुढे टिकत नाही, हे आपल्या मुलींनी पक्के लक्षात ठेवावे. अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्यांनीही ठेवावे: दिल्लीतील करारावरील एका डॉक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की, रजेच्या काळात कराराची मुदत संपली म्हणून प्रसूतीचे लाभ तोडता येत नाहीत.

आता त्या डॉक्टरांची बाजू. ती न मांडणे अन्यायाचे होईल. समजा, दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय आहे, नर्सा चार. त्यांतील एकीचा पगार १५,००० रुपये. ती २६ आठवडे रजेवर गेली तर ९०,००० रुपये तिला द्यायचे आणि तिच्या जागी बदली नर्स ठेवून तिलाही तेवढेच. मोठ्या कंपनीला हे जाणवत नाही, छोट्या माणसाला जाणवते. तो दुष्ट असतो म्हणून गरोदर मुलीला टाळतो असे नाही. सगळ्या समाजाच्या मुलाचा खर्च त्याच्या एकट्याच्या गल्ल्यातून काढला जातो, म्हणूनही टाळतो.

हे आजच कोणाला सुचले असे नाही. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने वॉशिंग्टनच्या आपल्या पहिल्याच परिषदेत प्रसूतीविषयी ठराव केला, तेव्हा बाळंतिणीला मिळणारा पैसा सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून यावा, असे त्यात घातले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला पाहिजे, असे ते म्हणाले. पण सरकार उचलत नाही तोवर मालकाला मोकळे सोडायलाही ते तयार नव्हते. स्त्रियांना कामावर ठेवण्यात फायदा आहे म्हणूनच मालक त्यांना ठेवतो, मग काही भार त्याने सोसावा, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, देशातील अशा प्रकारचा पहिला.

डॉ. आंबेडकरांनी म्हटलेली वाट अगदीच बंद आहे असेही नाही. कामगार राज्य विमा योजना, जिला आपण ईएसआय म्हणतो, ती जिथे लागू आहे तिथे बाळंतपणाच्या रजेचा पगार मालक देत नाही, विम्याच्या निधीतून येतो. २०१७ मध्ये तिची पगाराची मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. २०१९ पासून मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरायचा असतो. १५,००० पगारावर मालकाचे महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे. हा हप्ता पुरुष कामगारासाठीही तेवढाच, बाईसाठीही तेवढाच. मग मुलाखतीत ‘दिवस गेलेत का’ हे विचारून मालकाच्या हाती फारसे काय लागते? बदली माणूस शोधण्याची दगदग उरते, ती खरी आहे. पण ९०,००० ची भीती उरत नाही. आपल्यापैकी ज्यांची दुकाने, दवाखाने, छोटे कारखाने आहेत, त्यांनी मुलीला प्रश्न विचारण्याआधी आपल्या हिशेबनिसाला ईएसआयविषयी विचारावे. दहापेक्षा कमी माणसे असलेली दुकाने आणि दवाखाने सहसा या कायद्यांबाहेर राहतात, हे खरे. तेथे माणसाच्या सदसद्विवेकावरच सगळे येऊन पडते.

मुलग्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. ‘वर्षभरात बाप होणार आहेस का?’ असे मुलाखतीत विचारलेला एकही तरुण आम्हाला अजून भेटलेला नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. बाप घरी थांबत नाही म्हणून आई थांबते, आणि आई थांबते म्हणून तिला कोणी ठेवत नाही. संत योसेफ हे कामकऱ्यांचे आश्रयदाते म्हणून आपण १ मे रोजी त्यांचा सण पाळतो. बाळ आणि बाळंतीण यांना घेऊन रातोरात मिसरला निघताना त्यांनी हातातल्या सुतारकामाचे काय केले, हे शुभवर्तमानकार सांगत नाही.

आणि ज्यांच्यापुढे मुलाखतीचे टेबलच नाही, त्यांचे काय? सोयाबीन सोंगायला गुत्त्यावर जाणाऱ्या आपल्या आयाबहिणींना रजेची बोलणी कोणाशी करायची हेच ठाऊक नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल आधी घेतलेली असते, आणि एक दिवस चुकला तर खाडा पडून पैसे कापले जातात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतील १३,८६१ जणींनी गर्भाशय काढून टाकलेले होते. कारणे अनेक असतील, काही डॉक्टरांचा लोभही असेल. पण पाळी आणि पोट यामुळे खाडा पडू नये, ही भीती त्यांत होती, हे त्या बायकांनीच सांगितले आहे. मुलाखतीत हसत-हसत विचारलेल्या त्या प्रश्नाचे हे दुसरे टोक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांना प्रसूतिलाभ लागू केला, पण उसाच्या फडापर्यंत तो निकाल अजून पोहोचायचा आहे.

आमच्या लेकीला आज आम्ही काय सांगू? आधी कामाचे बोल. पगाराचे बोल आणि घराजवळ आहे म्हणून हजार रुपये सोडू नकोस. नेमणुकीचे पत्र हातात आले की भविष्यनिर्वाह निधीविषयी विचारतेस त्याच आवाजात, खाली मान न घालता, रजेचे नियम लेखी माग. रुजू झाल्यावर, कामाचे वाटप नीट व्हावे म्हणून, योग्य वेळी तूच वरिष्ठांना सांग; शेवटच्या आठवड्यापर्यंत लपवून सहकारी नर्सांना तोंडघशी पाडू नकोस, त्याही कोणाच्या तरी आया आहेत. आणि नाकारले गेलीस तर ते तुझ्या खरेपणाचे किंवा खोटेपणाचे फळ समजू नकोस.

तिला मुलगी झाली. बाप्तिस्मा झाला, तेव्हा सासूबाईंनी आम्हाला पेढा दिला आणि ‘आता नोकरीचं पाहाजा, फादर’ असेही ऐकवले. सध्या ती घरीच आहे.

राहता राहिली आपली बालवाडी. पुढच्या महिन्यात तेथे एक शिक्षिका नेमायची आहे. कपाटातून अर्जाचे जुने छापील नमुने काढले, तर त्यात नाव आणि शिक्षण यांच्या खाली ‘विवाहित/अविवाहित’ आणि ‘अपत्ये किती, वय’ असे दोन रकाने आहेत. हे कोणी आणि कधी छापून घेतले, माहीत नाही; आम्ही येथे आल्यापासून तेच वापरत आहोत. साठेक प्रती शिल्लक आहेत, नवे छापायला पैसे नाहीत, म्हणून आम्ही पट्टी घेऊन ते दोन रकाने पेनाने खोडले. समितीतील एका सभासदांनी लगेच विचारले, ‘फादर, आणि बाई सहा महिने रजेवर गेल्या तर वर्ग कोण घेणार?’ प्रश्न बरोबर आहे. धर्मग्रामात दोन निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्याशी आम्ही बोलणार आहोत. आणखी कोणी आठवड्यातून दोन सकाळी देऊ शकत असेल, तर मिस्सेनंतर कार्यालयात नाव द्यावे.